जमिनीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग : मापन आणि आरोग्य
(यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी व गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी)

जमिनीची परीक्षा म्हटली की नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. सामू पाहावा, क्षार पाहावेत, सेंद्रिय कर्ब पाहावा आणि त्यानुसार खताची मात्रा ठरवावी, ही रीत आता खेडोपाडी रुळली आहे. परंतु मातीत आणखीही एक गोष्ट असते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही आणि पिकाच्या वाढीवर तिचा परिणाम जाणवत नाही. ती म्हणजे मातीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग होय.

या विषयावर दोन प्रकारचे गैरसमज आढळतात. किरणोत्सर्ग हा शब्द कानी पडताच काहींना अणुबाँब आठवतो आणि आपली जमीन विषारी झाली की काय, अशी शंका त्यांच्या मनात येते. दुसरे लोक हा विषय शहाण्यासुरत्यांनी बोलण्याचा, आपला नव्हे, असे म्हणून तो सोडून देतात. पहिल्या समजामुळे एखाद्या गावाच्या धान्याला व जमिनीच्या किमतीला उगाच बट्टा लागू शकतो. दुसऱ्यामुळे जेथे खरोखर काळजी घ्यावयास हवी, तेथे ती घेतली जात नाही. यास्तव हा विषय शेतकरी बंधुभगिनींनी व गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

किरणोत्सर्ग म्हणजे काय?

पृथ्वी निर्माण झाली तेव्हापासून तिच्या खडकांत काही अस्थिर मूलद्रव्ये आहेत. त्यांचे अणू आपोआप फुटतात आणि फुटताना किरण बाहेर टाकतात. आंरी बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९६ साली युरेनियमच्या क्षारांवर प्रयोग करीत असता हा गुण प्रथम ओळखला. एका सेकंदाला एक अणू फुटणे या मापाला त्याच्याच नावावरून 'बेकरेल' असे म्हणतात.

शेतजमिनीच्या दृष्टीने तीन द्रव्ये महत्त्वाची आहेत : युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचा ४० क्रमांकाचा प्रकार. यांचे आयुष्य अतिदीर्घ आहे. नेहमी आढळणाऱ्या युरेनियमचा निम्मा साठा संपावयास सुमारे साडेचार अब्ज वर्षे, थोरियमचा संपावयास सुमारे चौदा अब्ज वर्षे, तर पोटॅशियम-४० चा संपावयास सुमारे सव्वा अब्ज वर्षे लागतात. म्हणूनच ती अद्याप जमिनीत शिल्लक आहेत.

यांतील पोटॅशियम म्हणजे आपण ज्याला पालाश म्हणतो, त्यातलेच मूलद्रव्य होय. निसर्गातील दर दहा हजार पोटॅशियम अणूंमध्ये सुमारे एक अणू किरणोत्सर्गी असतो. कापसाला, केळीला, ज्वारीला पालाश हवे आणि माणसाच्या शरीरालाही ते हवे. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात पोटॅशियमपासून दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. किरणोत्सर्ग ही बाहेरून आलेली आपत्ती नसून ज्या मातीतून आपण आलो तिचाच तो एक गुण आहे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

आपल्या जिल्ह्याची जमीन

मातीत किरणोत्सर्ग किती असेल, हे मुख्यत्वे तिच्याखालच्या खडकावर अवलंबून असते. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून थंड झाले आणि हा बेसाल्ट खडक बनला. दारव्हा, दिग्रस, पुसद, यवतमाळ या बाजूंची भारी काळी जमीन आणि टेकड्यांच्या उतारावरची बरड, मुरमाड जमीन ही दोन्ही त्याच खडकाची लेकरे आहेत.

बेसाल्टात युरेनियमचे प्रमाण सर्वसाधारणपणे दहा लाख भागांत एक भाग किंवा त्याहूनही कमी असते. याउलट ग्रॅनाइट खडकात ते तीन ते पाच भागांपर्यंत जाते आणि थोरियम व पोटॅशियमही त्यात पुष्कळच अधिक असते. म्हणून दख्खनच्या कातळाचा प्रदेश हा भारतातील कमी नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या प्रदेशांपैकी एक गणला जातो.

मात्र सारा जिल्हा एकसारखा नाही. आग्नेयेकडे वणी, मारेगाव, झरी-जामणी आणि केळापूर या तालुक्यांत काळ्या कातळाचे पांघरूण विरळ होते व त्याखालचे जुने खडक वर येतात. पैनगंगा व वर्धा नद्यांच्या बाजूला चुनखडीचा दगड, वालुकाश्म आणि वणी भागातील दगडी कोळशाचे थर हे त्यांचेच भाग आहेत. या तालुक्यांतील दोन शेजारच्या शेतांची मातीही निरनिराळ्या खडकांपासून झालेली असू शकते. म्हणून दारव्ह्याचा आकडा वणीला लावणे बरोबर नाही. प्रत्येक भागाचे नमुने वेगळे घेऊनच निष्कर्ष काढला पाहिजे.

देशभरातील मातीचे असे मापन तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास व त्यानंतर केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक शास्त्रीय समितीने २००० सालच्या अहवालात भारतीय मातीची सरासरी दर किलोग्रॅमला अशी दिली आहे : युरेनियम २९ बेकरेल, थोरियम ६४ बेकरेल, पोटॅशियम ४०० बेकरेल. आपल्या मातीचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहावयाचे असतात.

मातीचा नमुना कसा घ्यावा?

नमुना चुकला तर पुढचे सारे मापन व्यर्थ जाते. खतासाठी माती तपासून घेतलेल्या शेतकऱ्याला यातील बहुतेक कृती परिचयाची वाटेल.

बांध, झाडाची सावली, उकिरडा, रस्ता, विहिरीचा काठ आणि राखेचा ढीग या जागा टाळाव्यात. नुकतेच खत दिलेल्या शेतातून नमुना घेऊ नये. एका शेतात माती एकाच रंगाची व पोताची असेल तर नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडाव्यात. प्रत्येक जागेवरील गवत, काडीकचरा व दगड बाजूला सारावेत. कुदळीने सुमारे सहा इंच खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घमेल्यात घ्यावी. सर्व जागांची माती स्वच्छ बारदानावर एकत्र करावी व हाताने चांगली मिसळावी. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत. सुमारे दोन किलो माती उरेपर्यंत असेच करीत जावे. खताच्या चाचणीला अर्धा किलो पुरते. येथे माती अधिक लागते.

ही माती जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधावे. चिठ्ठीवर गावाचे नाव, गट क्रमांक, तारीख, खोली, मागील पीक आणि दिलेली खते ही माहिती लिहावी. कोणत्या शेतातील माती आहे हे सांगता येत नसेल, तर तो नमुना कितीही काळजीने घेतला असला तरी कवडीमोलाचा ठरतो.

प्रयोगशाळेतील काम

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नेहमीच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत हे मापन होत नाही. त्यासाठी लागणारी उपकरणे अणुऊर्जा विभागाच्या संस्थांत आणि काही विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत असतात.

तेथे माती प्रथम सुमारे ११० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत वाळवितात. नंतर ती कुटून चाळतात, वजन करतात आणि हवाबंद डब्यात भरून जवळजवळ एक महिना तशीच ठेवतात. हा महिना वाया गेलेला नसतो. युरेनियमपासून रेडियम होते आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निर्माण होतो. माती उघडी असेल तर हा वायू निसटतो. गळक्या कणगीतले धान्य मोजून पिकाचा अंदाज करणे जसे फसवे, तसेच रेडॉन निसटलेल्या मातीचे मापनही फसवे होय. रेडॉनचे अर्धे आयुष्य ३.८ दिवसांचे असते. डबा बंद केल्यापासून चार आठवड्यांत नवा निर्माण होणारा आणि फुटून नाहीसा होणारा रेडॉन यांचा मेळ बसतो व मगच मोजणी विश्वसनीय ठरते.

मोजणीसाठी सोडियम आयोडाइडचा स्फटिक किंवा द्रवरूप नत्रवायूने थंड ठेवलेला जर्मेनियमचा स्फटिक वापरतात. भोवती शिशाची जाड भिंत असते, कारण इमारतीच्या भिंतींतून व आकाशातून येणारे किरणही उपकरणात शिरतात. प्रत्येक द्रव्याचे गॅमा किरण ठराविक ऊर्जेचे असतात. पोळ्याच्या दिवशी घुंगरांच्या नादावरून घरधनी आपली बैलजोडी ओळखतो, तसे ऊर्जेवरून द्रव्य ओळखता येते. पोटॅशियमची खूण १४६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, युरेनियमच्या कुळातील बिस्मथची १७६४ वर आणि थोरियमच्या कुळातील थॅलियमची २६१४ वर उमटते. एकेका नमुन्याची मोजणी कित्येक तास चालते. नंतर रिकाम्या डब्याची मोजणी वजा करतात आणि प्रमाण ठाऊक असलेल्या प्रमाणित नमुन्याशी तुलना करून बेकरेलचा आकडा काढतात.

हातात धरावयाची लहान मापक यंत्रेही मिळतात. शेतात जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरून त्यांनी अंदाज घेता येतो. मात्र पाऊस पडून गेल्याबरोबर असे मापन करू नये. पावसाबरोबर हवेतील रेडॉनची अपत्यद्रव्ये खाली येतात आणि आकडा काही काळ वाढलेला दिसतो. यंत्र टिकटिक वाजले एवढ्यावरून जमीन दूषित ठरत नाही. किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र जगात कोठेही वाजतेच.

आकड्यांचा अर्थ

हिशेब समजावा म्हणून आपण एक नमुना कल्पनेने घेऊ. त्यात दर किलोग्रॅमला रेडियम १०, थोरियम २० आणि पोटॅशियम २०० बेकरेल आहे, असे समजा. एक मीटर उंचीवर उभ्या माणसाला मिळणारी मात्रा काढण्यासाठी रेडियमला ०.४६ ने, थोरियमला ०.६० ने आणि पोटॅशियमला ०.०४२ ने गुणतात.

रेडियम : १० × ०.४६ = ४.६
थोरियम : २० × ०.६० = १२.०
पोटॅशियम : २०० × ०.०४२ = ८.४
एकूण : ताशी २५ नॅनोग्रे

जगाची सरासरी ताशी सुमारे ६० नॅनोग्रे आहे. म्हणजे कल्पनेतील हे शेत सरासरीच्या निम्म्याहूनही खाली आहे. आता शेतकरी दररोज दहा तास, वर्षाचे ३६५ दिवस याच शेतात राहिला असे धरले, तरी त्याच्या शरीराला मिळणारी परिणामी मात्रा वर्षाला सुमारे ०.०६ मिलिसीव्हर्ट भरते. जगातील माणसाला सर्व नैसर्गिक मार्गांनी मिळून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, तिच्यापुढे ही फार थोडी आहे.

दुसरा एक हिशेब घर बांधणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. शेतातील माती भिंतींसाठी व विटांसाठीही वापरली जाते. तेव्हा रेडियमचा आकडा, थोरियमच्या आकड्याची १.४३ पट आणि पोटॅशियमच्या आकड्याचा ०.०७७ हिस्सा यांची बेरीज करतात. ही बेरीज ३७० च्या आत असावी, असा संकेत आहे. वरील नमुन्यात ती १० + २८.६ + १५.४ म्हणजे ५४ येते.

आरोग्याला धोका किती?

किरणोत्सर्गाची मोठी मात्रा शरीराच्या पेशींना इजा करते आणि कर्करोगाचा संभव वाढविते, यात संशय नाही. प्रश्न आहे तो लहान मात्रेचा. याबाबतीत आपल्याच देशातील एक मोठा दाखला उपलब्ध आहे. केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्ली भागातील वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज आहे. तेथील काही वस्त्यांत जमिनीचा किरणोत्सर्ग सामान्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक आहे. तेथील सुमारे ७० हजार रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जमिनीतील गॅमा किरणांमुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले नाही. काळ्या कातळाच्या मातीत राबणाऱ्या शेतकऱ्याने जमिनीच्या किरणांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, हे यावरून दिसते.

तथापि दोन गोष्टींत सावधगिरी हवी. पहिली रेडॉनची. जमिनीतून निघणारा हा वायू बंद घरात साठतो आणि श्वासावाटे फुप्फुसात जातो. आपल्याला मिळणाऱ्या नैसर्गिक मात्रेचा जवळजवळ निम्मा भाग याच वायूचा असतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. विडी ओढणाऱ्याला हा धोका कितीतरी अधिक असतो. घरातील हवेत दर घनमीटरला १०० बेकरेलपर्यंतच रेडॉन असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची शिफारस आहे. मापनासाठी विशिष्ट फिल्मचा तुकडा घरात सुमारे तीन महिने टांगून ठेवतात. उपाय मात्र साधा आहे. घराला समोरासमोर खिडक्या असाव्यात, त्या दिवसातून काही वेळ उघड्या ठेवाव्यात, जमिनीच्या व भिंतीच्या भेगा लिंपून घ्याव्यात. ज्या अंधाऱ्या खोलीत धान्याची पोती असतात आणि जिला खिडकी नसते, तेथे निजू नये.

दुसरी गोष्ट विहिरीच्या पाण्याची. पाण्यात विरघळलेले युरेनियम त्याच्या किरणांपेक्षा विष म्हणून मूत्रपिंडाला अधिक बाधते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा ठरविलेली आहे. पाणी तपासावयास पाठवाल तेव्हा फ्लोराइडची तपासणी मात्र विसरू नका. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या बाजूच्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. त्यामुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे ताठरतात. हा त्रास प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असताना केवळ किरणांची चिंता करीत बसणे योग्य नव्हे.

खते आणि राख

'पोत्यातील खतामुळे जमिनीत किरणोत्सर्ग वाढतो काय?' हा प्रश्न सुज्ञ शेतकरी विचारतात. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून बनतात त्यात थोडे युरेनियम असते, आणि पालाशयुक्त खतात पोटॅशियम-४० असतेच. तेव्हा वाढ होते, हे खरे. ती किती होते, हे पाहू.

एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोच्या पोत्यात सुमारे पावणेआठ लाख बेकरेल पोटॅशियम-४० असते. ते एकरभर पसरले तर दर किलो मातीत एक बेकरेलहूनही कमी भर पडते. मातीत ते मुळातच शेकड्यांनी असते. सुपर फॉस्फेटच्या किलोमागे युरेनियम ५०० बेकरेल आहे असे धरले, तर एका पोत्याने दर किलो मातीत ०.०३ बेकरेलची भर पडेल. दरवर्षी एक पोते याप्रमाणे शंभर वर्षे खत दिले तरी वाढ तीन बेकरेलच्या आतच राहील. किरणोत्सर्गाच्या भीतीने खत बंद करणे म्हणजे उवांच्या भीतीने लुगडे टाकून देण्यासारखे आहे. खत मोजकेच द्यावे हे खरे. पण त्याचे कारण पैसा आणि जमिनीचे आरोग्य हे आहे. पोत्याची भुकटी हाताळताना नाकातोंडावर कापड बांधावे, हेही तितकेच खरे.

दगडी कोळशाच्या राखेची गोष्ट थोडी निराळी आहे. कोळशातील कर्ब जळून जातो आणि खनिजे राखेत उरतात. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४५ असते, म्हणून कोळशातील युरेनियम-थोरियम राखेत दोन ते तीन पट दाट होते. राखेमुळे भारी जमीन भुसभुशीत होते हे खरे असले, तरी तिच्यात जड धातूही असतात. तेव्हा गाडीभाड्यात मिळते म्हणून ती शेतात ओतू नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचा किंवा कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला आधी घ्यावा.

गावातील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

एखाद्या गावात किरणांविषयी वदंता उठली, तर कार्यकर्त्याने तिची टर उडवू नये व तिला खतपाणीही घालू नये. मापन कोणी केले, कोणत्या उपकरणाने केले, आकडा कोणत्या एककात आहे आणि पार्श्वभूमीची मोजणी वजा केली आहे काय, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली तर ती ग्रामसभेत सांगावीत. उत्तरे मिळाली नाहीत, तर रीतसर नमुने घेऊन जिल्हा कृषि कार्यालयामार्फत योग्य संस्थेकडे पाठविण्याची व्यवस्था करावी. निकाल येईल तो, बरा असो की वाईट, जसाच्या तसा चावडीवर वाचून दाखवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोक्यांची उतरंड शेतकऱ्याला समजावून द्यावी. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांना मातीतील किरणांनी मारले नाही. कपाशी माणसाहून उंच वाढली होती, वारा तोंडावर होता, हातात मोजे नव्हते आणि नाकावर मुखवटा नव्हता. जो शेतकरी अदृश्य किरणांविषयी विचारतो, तो आरोग्याची काळजी करणारा शेतकरी आहे. त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे आणि त्याच बैठकीत फवारणीचे मोजे, मुखवटा व वाऱ्याची दिशा यांची आठवणही द्यावी.

आपली काळी आई साडेसहा कोटी वर्षांच्या कातळातून घडली आहे. तिच्यात जे काही थोडे किरण आहेत ते पहिल्या नांगराच्याही आधीपासून आहेत, आणि तिच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या वाढल्या आहेत. मोजून पाहावे, आकडा समजून घ्यावा, घराच्या खिडक्या उघडाव्यात, विहिरीचे पाणी तपासावे आणि निर्धास्तपणे तिफण धरावी.